दार लावलेली बँक म्हणजे बुडालेली बँक? (डेन्व्हर, जुलै १८९३)

नाणेफेक:
आपल्याकडे ‘बँक बंद झाली’ आणि ‘बँक बुडाली’ हे एकाच दमात बोललं जातं. माझं म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १८९३ ची अमेरिका हा त्याचा सर्वांत चांगला दाखला आहे.

त्या वर्षीच्या आर्थिक घबराटीत तिकडे पाचशेच्या आसपास बँकांनी व्यवहार स्थगित केले. बहुतेक पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या. त्यांतल्या १५८ राष्ट्रीय बँका, म्हणजे केंद्राच्या सनदेवर चालणाऱ्या. सरकारी नियंत्रकाने त्याच वर्षी त्यांचा हिशेब मांडला: ८६ पुन्हा उघडल्या, ६५ वर अवसायक (बँक गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी) बसला, ७ तपासनिसांच्या ताब्यात होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त बँका धडधाकट होत्या, फक्त त्या दिवशी गल्ल्यात रोकड नव्हती.

बँकेचा पैसा कर्जात गुंतलेला असतो. सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले तर कुठलीच बँक टिकत नाही. अशा वेळी दार उघडं ठेवणं म्हणजे रांगेतल्या पहिल्या पन्नासांना शंभर टक्के आणि उरलेल्यांना भोपळा. पहिले पन्नास कोण असतात? ज्यांना आतली बातमी आधी कळते ते. म्हणून त्या जुलैत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात डझनभर बँकांनी दार लावलं ते बरोबरच केलं.

खातेदार_क्र_४०७:
लेख छान, पण लिहिणारा कधी बंद शटरसमोर उभा राहिलेला दिसत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा शटरवर सेलोटेपने एक कागद चिकटवला होता. पावसाने खालच्या दोन ओळी पुसल्या गेलेल्या, आणि रक्कम किती मिळणार ते नेमकं त्या ओळींत. आई आठवडाभर रोज पासबुक पदराखाली धरून जायची, वाचता येईल तेवढं वाचून परत यायची. ‘बँक बुडालेली नाही, धीर धरा’ असं सांगणारे तेव्हाही होते. त्यांच्या ठेवी तिथे नव्हत्या.

तुमच्या ८६ बँका उघडल्या, पण कशा? अनेक ठिकाणी ठेवीदारांकडून आधी लिहून घेतलं होतं की पैसे लगेच मागणार नाही, हप्त्याहप्त्याने घेऊ. म्हणजे चालू खात्याची परस्पर मुदत ठेव करून टाकली. याला ‘पुन्हा उघडली’ म्हणायचं असेल तर म्हणा.

टांकसाळवाला:
या भांडणात मुंबईचा हात आहे हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून मध्ये पडतो.

२६ जून १८९३ पर्यंत आपल्या फोर्टातल्या टांकसाळीत कुणीही चांदी घेऊन जावं, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून आणावेत अशी सोय होती. भारतीय चलनाचा विचार करायला नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून त्या दिवशी सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. चांदीचं एक फार मोठं गिऱ्हाईक उठून गेलं. चारेक दिवसांत अमेरिकेत चांदी औंसाला ८३ सेंटवरून ६२ वर आली.

कोलोरॅडोत खाणी पटापट बंद पडल्या, बेकार कामगार डोंगरांतून उतरून डेन्व्हरला आले, आणि १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत शहरातल्या १२ बँकांनी दारं लावली.

आता ‘फक्त रोकड नव्हती’ हे मला पटत नाही. या बँकांची कर्जं कुणाला होती? खाणवाल्यांना, आणि खाणींच्या भरवशावर वाढलेल्या शहरातल्या प्लॉटवाल्यांना. चांदीच पाव हिश्शाने उतरल्यावर तारणाची किंमत ती काय राहणार? ताप नव्हता हो हा, हाडच मोडलं होतं.

नाणेफेक:
टांकसाळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण सगळं खापर चांदीवर फोडू नका. डेन्व्हरच्या आधीच कॅन्सस सिटीत बँका बंद पडत होत्या, आणि तिथे काही चांदीच्या खाणी नाहीत. फेब्रुवारीत फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली, मे महिन्यात दोरखंडाचा मोठा मक्तेदार नॅशनल कॉर्डेज कोसळला. घबराट पूर्वेकडे सुरू झाली आणि पश्चिमेला पोचली.

ती पोचली कशी हे बघा. छोट्या गावातल्या राष्ट्रीय बँकेला ठेवींच्या १५ टक्के राखीव ठेवावी लागे. पण त्यातला तीन पंचमांश भाग मोठ्या शहरातल्या बँकेत ठेवला तरी कायद्याला चाले. व्याज मिळायचं, म्हणून सगळे ठेवायचे. १०० डॉलरच्या ठेवीमागे स्वतःच्या तिजोरीत उरले ६. बाकीचे ९ कागदावर.

आणि @खातेदार, राष्ट्रीय बँकेच्या भागधारकावर तेव्हा दुहेरी जबाबदारी होती. बँक बुडाली तर शेअरचा पैसा गेलाच, वर शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम पुन्हा खिशातून भरायची. अशी माणसं मजेखातर कुलूप लावत नाहीत.

खातेदार_क्र_४०७:
दुहेरी जबाबदारी कागदावर. डेन्व्हरचा भागधारक म्हणजे तिथलाच खाणवाला किंवा बिल्डर. तो स्वतःच धुतला गेला असताना पुन्हा भरणार कुठून? आमच्याकडेही संचालकांवर जबाबदारी ‘निश्चित’ केली होती. निश्चित करून फाइल कपाटात ठेवली.

लेखापाल:
तुम्ही दोघं छोट्या बँकांवरून भांडताय. खरा डाव न्यूयॉर्कला झाला.

तिथल्या मोठ्या बँकांनी दार लावलं नाही. २१ जूनपासून त्यांनी समाशोधन गृहाची (बँकांचे आपापसातले हिशेब मिटवणाऱ्या संस्थेची) कर्ज प्रमाणपत्रं काढली, म्हणजे आपापसातली देणी रोख पैशांऐवजी या कागदाने फेडायची. ऐन भरात असे सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरचे कागद फिरत होते. इथपर्यंत मी टाळ्या वाजवीन. गावच्या कट्ट्यावरचे व्यापारी एकमेकांची चिठ्ठी चालवून घेतात, तसंच ते.

पण ऑगस्टमध्ये त्यांनी रोकड देताना हात आखडता घेतला. चेक लिहा, खात्यात जमा करा, सगळं चालेल. नोटा मात्र मागू नका. मग दलालांनी नोटांचा बाजारच मांडला. १०० डॉलरच्या नोटांसाठी १०४ पर्यंतचा चेक द्यावा लागे. जुन्या सराफी भाषेत, न्यूयॉर्कच्या धडधाकट बँकांच्या चेकवर बट्टा बसला. कारखानदाराच्या खात्यात पैसे आहेत, पण शनिवारचा पगार वाटायला नोटा नाहीत. दक्षिणेतल्या काही शहरांत तर छोट्या रकमेची प्रमाणपत्रं छापून तीच चलन म्हणून फिरवली. अशा खासगी नोटांवर १० टक्के केंद्रीय कर होता. सरकारने सोयीस्कर डोळेझाक केली.

दाराला कुलूप लावणाऱ्याची इतिहासात ‘बंद पडलेली बँक’ म्हणून नोंद झाली. गल्ल्याला कुलूप लावणारे मात्र पाचशेच्या त्या यादीत नाहीत. मला तरी दार लावणारा जास्त प्रामाणिक वाटतो.

नाणेफेक:
म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने!

लेखापाल:
अजिबात नाही. तुम्ही म्हणता दार लावणं बरोबर. मी म्हणतो, न्यूयॉर्कने गावच्या बँकांचे ते ९ डॉलर वेळेवर पाठवले असते तर निम्म्यांना दार लावावंच लागलं नसतं. ज्याचा हात मोडला त्याला प्लास्टर बरोबर घातलं म्हणून शाबासकी देताय, ढकललं कुणी ते विचारत नाही.

भाकरतुकडा:
धागा अर्ध्यावर सोडून पासबुक शोधायला गेलो होतो. सापडलं. पुढे चालू द्या.

एक शंका: टांकसाळ बंद झाल्यावर इकडच्या लोकांचं काय झालं? माझ्या पणजीच्या वाट्याला चांदीचे तोडे होते म्हणे.

टांकसाळवाला:
चांगला प्रश्न. रुपया बरोबर एक तोळा वजनाचा. सराफ तराजूत वजन म्हणून रुपयेच टाकायचा. टांकसाळ उघडी होती तोवर चांदी आणि रुपया एकमेकांना बांधलेले होते, मजुरीचा काय तो फरक. बंद झाल्यावर रुपया सरकारी ठशाच्या जोरावर वर राहिला आणि चांदी खाली गेली. दुष्काळात मोडायला म्हणून ठेवलेले तोडे आणि वाळे, वजन तेवढंच, पण रुपये कमी. शेतकऱ्याची बँक म्हणजे बायकोच्या पायातली चांदी. तिला कुलूप लागलं नाही, पण हप्ते पाडून देऊ असं म्हणायलाही कुणी आलं नाही.

डेन्व्हरच्या ठेवीदाराचं नुकसान निदान मोजलं तरी गेलं.

नाणेफेक:
हे लागलं.

माझं विधान थोडं आवरतं घेतो. दार लावणं योग्य ठरतं ते सरकारी तपासनीस लगेच आत शिरून वह्या पाहणार असेल तर. नियंत्रक एकल्स यांनी राष्ट्रीय बँकांच्या बाबतीत ते केलं, म्हणून ८६ वाचल्या. मात्र रांगेचा मुद्दा मी सोडणार नाही. दार उघडं ठेवलं असतं तर @खातेदार यांच्या आईंसारखी माणसं रांगेत शेवटीच असती.

खातेदार_क्र_४०७:
शेवटी असती हे खरं. आई बातम्या बघत नाही, तिला दूधवाल्याने सांगितलं तेव्हा कुलूप लागून दोन दिवस झाले होते.

पण तिला हात दिला तो ठेव विम्याने, कुलपाने नाही. ५ लाखांपर्यंतचे आले. डेन्व्हरवाल्यांना तेही नव्हतं; अमेरिकेत केंद्राचा ठेव विमा १९३३ च्या कायद्याने आला, तोवर चाळीस वर्षं गेली. आईचे वरचे दीड लाख अजून अवसायकाकडे आहेत. विम्याचे आले ते तिने पोस्टात टाकले, आणि पासबुक अजून पदराखालीच धरते.