मदत हवी आहे : बाजाराचे आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य मानणारे उमेदवार कसे शोधावेत?

नमस्कार. रावेर-चोपडा पट्ट्यातील आम्ही काही केळी आणि कापूस उत्पादक पुढील विधानसभा निवडणुकीसाठी असे उमेदवार आतापासूनच शोधत आहोत, जे शेतमालाच्या व्यापारावरील सरकारी बंधने हटवण्याचा आग्रह धरतील आणि नागरिकाच्या खासगी आयुष्यातली सरकारी ढवळाढवळही तितक्याच ठामपणे नाकारतील. पहिली गोष्ट बोलणारे भेटतात. दुसरीपाशी बहुतेक जण थांबतात.

शेतकरी नेते शरद जोशींनी १९९४ मध्ये खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा निदान दिशा स्पष्ट होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावरील निष्ठा नमूद करावी लागते, त्यामुळे त्या घटनेवरून फारसे कळत नाही आणि शेवटी माणूसच पारखावा लागतो. उमेदवाराच्या शपथपत्रातून मालमत्ता आणि गुन्हे समजतात, विचार नव्हे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या २० मतदारसंघांत, बाजार समितीत किंवा जिल्हा परिषदेत काम केलेले असे कोणी आपल्या माहितीत आहे का? केवळ एक षष्ठांशाहून थोडी अधिक मते घेऊन अनामत वाचवणारा नव्हे, तर प्रत्येक बूथवर कार्यकर्ते असलेला उमेदवार आम्हाला हवा आहे. निर्यातबंदी आणि बियाण्यांवरील निर्बंधांखेरीज त्याला आणखी कोणते प्रश्न विचारावेत, हेही कृपया सुचवावे.