१९९३ची मोटरहोम घेऊन दोन वर्षं गाडीतच राहायचंय, बघताना नेमकं काय बघू?

नागपूरकर_नेकारकाठी

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं १४ वर्षांपासून जर्मनीत हाइलब्रोनजवळ राहतो. मुलगी शिकायला नेदरलँड्सला, डेल्फ्टला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. यांना कंपनीकडून दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळाली आहे, मीही शिकवण्या थांबवतेय.

इथून ४० किलोमीटरवर १९९३ची एक अल्कोव्ह गाडी विकायला आहे, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. खाली फियाट डुकाटो, २.५ टर्बो डिझेल, १,३८,००० किलोमीटर, किंमत १३,५०० युरो. मालक सत्तरीचे, स्वभावानं फार चांगले. गाडी आतून लखलखीत, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. डिसेंबरात स्पेनला जायचं, मग पोर्तुगालला वर्षभर राहायचं, असा बेत आहे. दोघांचे पासपोर्ट भारतीय, इथला कायम वास्तव्याचा परवाना आहे.

इंजिन मेकॅनिककडून तपासून घेणारच आहोत. अजून काय बघू? आणि इतक्या जुन्या गाडीत बाराही महिने राहता येतं का? आपला स्वयंपाक होतो का? कोणी राहिलं असेल तर खरं खरं सांगा.

डोंबिवली_ते_डॉर्टमुंड

गाडीच्या आधी कागद. तुमचा वर्षभर पोर्तुगालचा बेत भारतीय पासपोर्टवर जमणार नाही. जर्मनीचा परवाना असला तरी बाकीच्या सगळ्या शेंगेन देशांत (म्हणजे एकमेकांच्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपातल्या देशांत) मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. जायचा आणि यायचा दिवसही त्यात धरतात. शिवाय ६ महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं तर कायमचा परवानाही जाऊ शकतो. जास्त मुदत हवी असेल तर निघायच्या आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत लेखी मागा, नंतर नाही.

घर सोडणार असाल तर पत्त्याचंही बघा. गाडीची नोंदणी, विमा, टपाल, सगळं पत्त्यावर चालतं. मित्राचा पत्ता नुसता नावापुरता लावणं बेकायदेशीर आहे.

एक चांगली गोष्ट. गाडी ३० वर्षांच्या वरची आहे. मूळ रूपात आणि नीट राखलेली असेल तर तपासणी करून 'एच', म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट मिळते. मग कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट आणि श्टुटगार्टसारख्या शहराच्या पर्यावरण क्षेत्रात, जिथं एरवी कमी धूर सोडणाऱ्या गाडीचं हिरवं स्टिकर लागतं, तिथं त्याशिवाय जाता येतं. जर्मनीबाहेर मात्र त्या प्लेटवर विसंबू नका.

कऱ्हाडची_लेक

ताई, इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. माझे वडील कऱ्हाडच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. इंजिन सगळं उघडून परत जोडता येतं, हे मी लहानपणीच बघितलंय. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा, टायरवरचा चार आकडी कोड वाचून ते कोणत्या आठवड्यातले, कोणत्या वर्षातले ते बघा, ब्रेक बघा, झालं. मोटरहोम मरते ती पाण्यानं.

या काळातल्या बऱ्याच गाड्यांची भिंत अशी असते: बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्या आणि थर्माकोल, आतून प्लायवूड आणि त्यावर वॉलपेपर. सांध्यातून शिरलेलं पावसाचं पाणी मध्येच अडकतं, त्याला बाहेर यायला वाट नाही. बाहेरून गाडी पाच-सहा वर्षं देखणी दिसत राहते आणि आत लाकूड कुजत असतं. अल्कोव्हला तर समोरचा सांधा वाऱ्याच्या तोंडावर. पावसात ९०च्या वेगानं चालवताना तिथं पाणी अक्षरशः दाबानं घुसतं.

म्हणून दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर जा. मालकांना सांगा, हीटर लावू नका, खिडक्या उघडू नका. दार उघडल्याबरोबर आधी वास घ्या. ओली घोंगडी ट्रंकेत घालून ठेवली की येतो तसला वास आला तर तिथंच सावध व्हा. मग अल्कोव्हची गादी उचलून चारी कोपरे अंगठ्यानं दाबा. कपाटांच्या आत वरचे कोपरे, छतावरच्या खिडकीच्या कडा, बेसिनखालची जमीन, मागच्या चाकांच्या वरची भिंत, सगळं दाबत जा. टणक लागलं पाहिजे. ओल मोजायचं छोटं यंत्र ३० युरोच्या आसपास मिळतं. लाकडात आकडा १५ टक्क्यांपर्यंत असेल तर बरं, २०च्या वर गेला तर हात जोडून परत या. एकाच कोपऱ्यात नवा वॉलपेपर दिसला तर का लावला ते विचारा. सांध्यावर सिलिकॉन फासलेलं असेल तर समजा, कोणीतरी गळती झाकली आहे. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही धड चिकटतही नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०२१च्या ऑगस्टात आम्ही १९९१ची अल्कोव्ह घेतली, कडक उन्हात, खिडक्या सताड उघड्या असताना बघून. नोव्हेंबरात पलंगाच्या कोपऱ्यातल्या चादरीला ओल लागली. वॉलपेपर सोलला तर आतल्या पट्ट्या भिजलेल्या मिसरीसारख्या काळ्या आणि हातानं चुरगळणाऱ्या. दक्षिण जर्मनीत आलगॉयमधल्या एका शेतकऱ्यानं गोठ्याशेजारची शेड दिली म्हणून वाचलो. पाच आठवडे लागले. सगळं कुजकं काढलं, हीटर लावून नुसतं वाळवायलाच बारा दिवस, मग पाइनच्या नव्या पट्ट्या, नवा थर्माकोल, प्रत्येक सांध्याला ब्यूटाइलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबराची पट्टी. सामानाचे १,१०० युरो झाले, मजुरी आमची दोघांची. त्या शेतकऱ्याच्या आईनं रोज दुपारी सूप आणून दिलं. ते मी कधी विसरणार नाही.

आता राहण्याबद्दल. राहता येतं, आणि मला हे आयुष्य मनापासून आवडतं. पण बाहेरच्या पाण्याइतकंच आतलं पाणी सांभाळावं लागतं. दोन माणसांचा रात्रीचा श्वास आणि कुकरच्या तीन शिट्ट्या, एवढ्यानं थंडीत खिडक्यांवरून धारा लागतात. मी कुकर लावताना छताची खिडकी बोटभर उघडी ठेवते, बाहेर उणे ५ असलं तरी. गादीखाली लाकडी फळ्यांची जाळी आहे, हवा खेळते. फोडणीचा वास गाद्यांत महिनाभर राहतो, म्हणून आठवड्याची फोडणी एकदाच, दार उघडून, आणि बरणीत. भाकरी मात्र रोज. ओटा दीड हात आहे, त्यामुळे परात मांडीवर घेऊन मळते, जेवणाच्या टेबलावर थापते. जमतं.

एक हात जोडून विनंती. थंडी वाजते म्हणून जमिनीतल्या आणि छतातल्या हवेच्या जाळ्या कधीच बुजवू नका. गॅसला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. अलार्म पहिल्या दिवशी लावा. गॅसची तपासणी दर दोन वर्षांनी असते, पावती बघा. रेग्युलेटर आणि नळी दहा वर्षांहून जुनी असेल तर बदला.

गॅस कुठला, यालाही महत्त्व आहे. इथल्या ११ किलोच्या करड्या बाटलीत प्रोपेन असतो, तो उणे ४२पर्यंत वायू होतो. स्पेनमधल्या केशरी बाटल्यांत ब्यूटेन, त्याचा वायू होणं शून्याच्या आसपासच थांबतं. ग्रानाडाच्या वरच्या डोंगरात पहाटे आमचा हीटर बंद पडला तो याच कारणानं. कडाक्याच्या थंडीत ११ किलो चार दिवसांत संपतात, तो खर्च धरूनच हिशेब करा. फ्रिजही गॅसवर चालतो, त्याला कंप्रेसर नसतो, आतला अमोनिया उष्णतेनं फिरतो. म्हणून गाडी तिरकी उभी राहिली तर थंडावा धरत नाही. चाकाखाली ठोकळे घालून पातळी साधायची सवय लावून घ्या.

वजनाचं एकच सांगते. तुमच्या साध्या लायसन्सवर ३,५०० किलोच्या आतली गाडी चालते, पण त्यातही तुमच्या गाडीच्या कागदावरचा आकडाच खरा. आमचा ३,२०० आहे. उसाची गाडी काट्यावर घालतात तशी भरलेली गाडी पहिल्यांदा काट्यावर घातली, तर ३,३४० भरली. दोन महिन्यांची डाळ-पिठं आणि १०० लिटरची भरलेली टाकी. आता डाळ-पिठं कमी नेतो, पाणी २० लिटर ठेवून निघतो आणि मुक्कामाला भरतो.

९०/१८०बद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. आमचं वर्ष त्याच आकड्यावर बसवलंय: ४ जानेवारीला निघायचं, ३१ मार्चला राइनच्या अलीकडे परत. ८७ दिवस होतात, तीन दिवस बिघाडासाठी शिल्लक. उल्मला नणंदेच्या घरातली एक खोली रीतसर भाड्यानं घेतली आहे, नोव्हेंबर-डिसेंबर तिथंच असतो. तेव्हा गाडी शेडमध्ये, कोरडी.

सोलापुरी_चटणी

आधी भाड्यानं घेऊन राहून बघा, तेही फेब्रुवारीत, किमान पंधरा दिवस. उन्हाळ्यात सगळ्यांनाच आवडतं. आम्ही दोन मुलांसह सात महिने राहिलो आणि थांबलो. गाडी उत्तम होती. पण पाऊस लागला की चौघांना आठ पावलांची जागा, आणि मोठीला अभ्यासाला कोपराच मिळेना. तुम्ही दोघंच आहात, तुमचं वेगळं असेल. तरी राहून बघाच.

नागपूरकर_नेकारकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा पावसानंतर गेलो. वास काही फार नव्हता. गादी उचलली, उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लायवूड आत गेलं. यंत्रावर २७. मालक काकांनी स्वतः दाबून बघितलं आणि खालीच बसले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून अल्कोव्हमध्ये कोणी झोपलंच नव्हतं. ते ९,५०० ला द्यायला तयार आहेत. कऱ्हाडकर ताई, तुम्ही दुरुस्त केलीत, आम्ही करू शकू का? गाडी मनात बसली आहे.

कऱ्हाडची_लेक

ताई, वाचून वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही. पण तुमच्याकडे छप्पर असलेली शेड आहे का? नसेल तर सोडून द्या. उघड्यावर भिंत उघडली तर एका पावसात होतं तेही जाईल, आणि कारखान्यात दिलीत तर मजुरीत गाडीची किंमत निघेल. शिवाय २७ एका कोपऱ्यात दिसला, म्हणून ओल तेवढ्यातच आहे असं नाही. आमचीही दिसली हातभर, निघाली दोन मीटर. काकांना तो आकडा कागदावर लिहून द्या, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला ते खरं सांगतील.

ऑक्टोबरात लोक शेडचं हिवाळ्यातलं भाडं वाचवायला गाड्या विकतात, तेव्हा बघा. आम्ही डिसेंबर संपेपर्यंत उल्मला आहोत. हाइलब्रोनच्या आसपास गाडी बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशी इथं लिहा, मी यंत्र घेऊन येते. पावसाचा दिवस निवडा.