शेवाळी, मेंदी की चेपणीचा रंग?

पणजीहून: घरसजावटीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. बैठकीच्या खोलीची एक भिंत 'म्यूटेड ऑलिव्ह ग्रीन' रंगवायची, इतकाच विषय. मी 'मंद शेवाळी' लिहिलं. सासूबाईंनी वाचलं नि म्हणाल्या, "शेवाळी भिंत? ती तर आपण पावसाळा सरला की घासून काढतो!" खरंच आहे. आमच्या चिऱ्यांच्या कुंपणाला जुलैत शेवाळ धरतंच. साडी शेवाळी चालते, भिंत म्हटली की ओल आठवते. दुसरा शब्द सुचवा.

म्हापशाहून: मेंदी. साडीच्या दुकानात मेंदी कलर मागा, हाच काढून दाखवतील.

डिचोलीहून: मेंदीत पिवळेपणा जास्त. आणि 'कलर' कशाला, ताई? जैतुनी म्हणा, जैतून म्हणजे ऑलिव्हच.

मडगावहून: जैतुनाचं झाड इथे पाहिलंय कुणी? शिवाय शब्द अरबी. पोर्तुगीज 'आझैतोना'सुद्धा अरबीतूनच गेलेला. एकच शब्द दोन वाटांनी आपल्या दारात आला, पण घरात शिरला नाही.

डिचोलीहून: परका म्हणून नको? रंग कालवता ती बादलीही पोर्तुगीजच.

फोंड्याहून: मी चुन्याचं रंगकाम केलंय. चुन्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, आणि चिमूटभर काजळी घाला, हिरव्याचा थेंब न पडता हा रंग तयार होतो. 'फिका' लिहू नका, त्यात नुसतं पांढरं वाढतं. इथे भडकपणा कमी केलेला असतो. मी 'दबका' म्हणेन.

पणजीहून: 'दबका' घेतला, काका! हिरव्याचं नाव राहिलंच.

काणकोणहून: चेपणीचा रंग! कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात चेपून ठेवल्या की हिरवेपणा उतरून नेमका असा होतो. ऑलिव्हही मिठाच्या पाण्यात मुरवतात. आंबटपणामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, म्हणून दोन्हीकडे सारखाच रंग. आणि चेपणं म्हणजे दाबणं, तेव्हा 'दबका'ही त्यातच आला. आईच्या बरणीतला हा रंग मला अजून दिसतो.

म्हापशाहून: पुण्यातल्या वाचकाला चेपणी कळेल? समजावून सांगावा लागतो तो शब्द लेखात नको.

काणकोणहून: 'आमसुली' कळायला कोकणात जन्मावं लागलं का? वापरलाच नाही तर शब्द कळणार कधी?

डिचोलीहून: कोकणीतला 'पाचवो' का नको? पाचूवरून आलेला, देखणा शब्द.

मडगावहून: पाचवो म्हणजे कुठलाही हिरवा. पाचू चमकतो, ही भिंत चमकायला नको आहे. 'पाचोळा'ही त्याच घरातला असावा, असं मला लहानपणापासून वाटतं.

डिचोलीहून: पाचोळा सुकलेला, तपकिरी. त्याचा पाचूशी काय संबंध?

मडगावहून: झाडावर असताना ती पानं हिरवीच होती ना?

पणजीहून: लेख उद्या द्यायचाय हो. शेवाळीला पर्याय?

डिचोलीहून: आधी पाचोळ्याचं मिटू दे. पानं गळाल्यावरच त्यांना पाचोळा म्हणतात, झाडावर असताना नाही.