बर्फाबाहेर डोकावणारी शिखरे: पूर्वीच्या बर्फाची जाडी खडकावरून कशी कळते?

भूगोलशिक्षक, सातारा
मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. अंटार्क्टिकावरील हिमस्तराची सरासरी जाडी सुमारे 2 किलोमीटर असून खंडाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग उघडा आहे, हे सांगताना नुनाटकांचा, म्हणजे हिमस्तरातून वर डोके काढणाऱ्या खडकाळ शिखरांचा विषय निघतोच. थंडीत पहाटे खोऱ्यात धुके दाटले की अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर दिसतो, हा दाखला मुलांना लगेच पटतो. अडचण त्यापुढची आहे. या शिखरांच्या उतारांवरून हिमस्तर पूर्वी शेकडो मीटर अधिक जाड होता असे ठरवतात, असे वाचले. धुके विरल्यावर डोंगरावर काहीच उरत नाही. मग बर्फाची कोणती खूण उरते आणि तिचे वय कसे काढतात? ही शिखरे आपल्या डोंगरांसारखी सपाट माथ्याची का नसतात, असेही एका विद्यार्थिनीने विचारले आहे.

दगडधोंडे, सांगली
सर, सर्वांत उपयोगी खूण म्हणजे परका दगड. हिमनदी वाटेतले दगड उचलून दूरवर नेते आणि बर्फाची पातळी खाली गेली की ते उतारावर जिथल्या तिथे राहतात. शिखराचा मूळ खडक एका जातीचा आणि त्यावर टेकलेला, कडा झिजलेला धोंडा भलत्याच जातीचा असेल, तर बर्फ एके काळी निदान त्या उंचीपर्यंत होता हे नक्की.

वयाचे गणित विश्वकिरणांवर चालते. अवकाशातून येणाऱ्या या किरणांमुळे उघड्या गारगोटीतील ऑक्सिजनच्या अणूंपासून बेरिलियम-10 हे बेरिलियमचे किरणोत्सारी समस्थानिक अत्यल्प प्रमाणात तयार होते. धोंड्यावर काही दशक मीटर बर्फ असेपर्यंत ही क्रिया जवळजवळ थांबलेली असते आणि तो उघडा पडला की सुरू होते. त्यामुळे साठलेले अणू मोजले की तो किती काळ उघड्यावर आहे हे कळते. एकाच शिखराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत निरनिराळ्या उंचीवरचे धोंडे तपासले, तर बर्फ कोणत्या काळात किती वेगाने उतरला याचा आलेखच हाती येतो. पश्चिम अंटार्क्टिकातील मेरी बर्ड लँडमध्ये, फोर्ड पर्वतरांगांत, हिमस्तराची जाडी गेल्या सुमारे 10 हजार वर्षांत 700 मीटरच्या आसपास घटल्याचे याच पद्धतीने दिसले आहे.

मिरजकर
एक शंका आहे. तो धोंडा बर्फाखाली जाण्याआधीही कधीतरी उघड्यावर राहिला असेल, तर वय फुगून येणार नाही का?

दगडधोंडे, सांगली
येते, आणि या पद्धतीतली खरी डोकेदुखी तीच आहे. तळाशी पाणी असलेला बर्फ खडकावरून सरकतो, त्याला घासतो आणि जुना साठा खरवडून टाकतो. पण तळाशी खडकाला गोठून चिकटलेला बर्फ जवळजवळ काहीच झिजवत नाही, आणि जुना पृष्ठभाग त्याखाली जसाच्या तसा राहतो. म्हणून गारगोटीत विश्वकिरणांमुळेच तयार होणारे ॲल्युमिनियम-26 हेही सोबत मोजतात. त्याचे अर्धआयुष्य, म्हणजे निम्मे अणू घटायला लागणारा काळ, सुमारे 7 लाख वर्षे, तर बेरिलियम-10 चे सुमारे 14 लाख वर्षे. दगड दीर्घकाळ गाडला गेला असेल, तर ॲल्युमिनियम लवकर घटते आणि दोघांचे प्रमाण बिघडलेले दिसते. मात्र गाडले जाणे काही हजार वर्षांपुरतेच असेल, तर हा फरक पकडता येत नाही. अशा वेळी एकाच उंचीवरचे अनेक धोंडे तपासून बहुतेकांशी न जुळणारी वये बाजूला ठेवण्याखेरीज इलाज नाही.

कास पठार
सपाट माथ्याविषयी. साताऱ्याचे डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या आडव्या थरांतून पाण्याने कोरून निघाले आहेत. वरचा कठीण थर, कासला तर जांभा, टिकून राहतो म्हणून माथा सपाट. याउलट अनेक नुनाटकांत फटींतील पाणी गोठून खडक फुटतो आणि चहूबाजूंच्या हिमनद्या कडे कापत जातात, त्यामुळे माथा सुळक्यासारखा होतो. तरीही विद्यार्थिनीला हे जरूर सांगा की अंटार्क्टिकातही सपाट माथे आहेत. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतात वालुकाश्मांच्या थरांत सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी शिरलेल्या डोलेराइट या कठीण अग्निजन्य खडकाच्या आडव्या पट्ट्यांनी तसेच माथे घडवले आहेत.

उघड्या शिखरांवर कालमापनाचे आणखी एक साधन मिळते, तेही पक्ष्यांचे. हिमपेट्रेल पक्षी खडकांच्या कपारीत घरटी करतात आणि शत्रूवर पोटातील तेलकट द्रव थुंकतात. त्याचे थर साचून घट्ट होतात आणि कार्बन-14 वरून त्यांचे वय काढता येते. मैत्री या भारतीय केंद्राच्या दक्षिणेकडील वोल्थाट पर्वतभागात 30 हजार वर्षांहून जुने असे थर सापडले आहेत; म्हणजे शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरातही तेथील काही कपारी उघड्या होत्या.

भूगोलशिक्षक, सातारा
सर्वांचे आभार. अजिंक्यताऱ्याच्या काळ्या कातळावर हे मोजमाप करता येईल का?

दगडधोंडे, सांगली
बेरिलियमचे नेहमीचे मोजमाप अवघड, कारण बेसाल्टच्या मूळ घडणीत गारगोटीचे कण जवळजवळ नसतात. बेसाल्टसाठी पायरॉक्सिन किंवा ऑलिव्हिन या खनिजांत साठणारा हीलियम-3 वायू मोजतात. पण आपल्याकडे पावसाने पृष्ठभाग सतत झिजतो, त्यामुळे येणारा आकडा कातळ उघडा पडल्याच्या तारखेपेक्षा तो किती वेगाने झिजतो आहे हेच अधिक सांगेल.