मदत हवी आहे: नवीन चष्म्यातून धड दिसत नाही, दुकानदार म्हणतो सवय होईल

मुलुंड_स्लो
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या शनिवारी नवीन चष्मा आला आणि तेव्हापासून डोकं उठलंय. जिना उतरताना पायरी नक्की कुठे आहे तेच कळत नाही, काल सीएसएमटीच्या सबवेत एका काकूंच्या अंगावरच गेले असते. ऑफिसात कॉम्प्युटर बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं, पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखं, संध्याकाळपर्यंत मान आखडते. दुकानात दोनदा जाऊन आले, तो म्हणतो मॅडम सवय होईल, पंधरा दिवस द्या. पण पावतीवर तर सात दिवसांत बदल असं छापलंय, म्हणजे या शनिवारपर्यंतच! १४ हजार गेलेत. नंबर चुकला असेल का? परत तपासू का? प्लीज लवकर सांगा.

खिडकीची_सीट
ताई नंबर किती, वय किती, काच साधी की बायफोकल की प्रोग्रेसिव्ह? काहीच लिहिलं नाहीये, आम्ही काय कुंडली मांडून सांगायचं?

मुलुंड_स्लो
अहो प्रोग्रेसिव्हच, एकाच काचेत रेघेशिवाय लांबचं, मधलं, जवळचं सगळं दिसतं ती, चाळिशी लागली म्हणून तर केला ना. वय ४६.

चकलीची_भाजणी
प्रोग्रेसिव्हला १४ हजार??? मी ऑनलाइन अडीच हजारात घेतलाय, फोनने चेहऱ्याचा फोटो काढला की ते माप घेतात, पाच दिवसांत घरी. दुकानवाले लुटतात सरळ सरळ. परत करा आणि ऑनलाइन घ्या.

नाना_गिरगावकर
मी २२ वर्षं बायफोकल वापरतोय. वरून लांबचं, खालून जवळचं, मध्ये रेघ, विषय संपला. ही प्रोग्रेसिव्हची नवीन फॅडं आमच्या वेळी नव्हती आणि कोणाची मान आखडत नव्हती.

भिंगरी
नाना, नवीन कसली, व्हॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच १९५९ साली बाजारात आली फ्रान्समध्ये. तुम्ही बायफोकल लावलीत त्याच्या कितीतरी आधीची आहे की.

ताई, मी बारा वर्षं चष्म्याच्या दुकानात फिटिंग केलंय, आता ते काम सोडलं. नंबरवर येऊ नका एवढ्यात. जिन्याचा त्रास आणि हनुवटीचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायरी फिरल्यासारखी दिसणं पहिले काही दिवस सगळ्यांनाच होतं, कारण खाली बघताना तुम्ही वाचायच्या भागातून बघता, तो तर ४० सेंटिमीटरवरच्या अक्षरांसाठी केलेला. पायऱ्यांना हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून बघायचं. हे जमेल. पण कॉम्प्युटरला हनुवटी वर करावी लागतेय म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या मानाने काच खाली बसलीये, असं बऱ्याचदा होतं. ही सवयीची गोष्ट नाही, फिटिंगची आहे.

आता सांगा: पूर्ण नंबर. फ्रेमच्या काचेची उंची, पट्टी लावून, मिलिमीटरमध्ये. फ्रेम नाकावरून घसरते का. आणि मान डावी-उजवीकडे वळवली तर अक्षरं जास्त स्पष्ट होतात का.

धारावी_ते_डहाणू
माझा उणे सात आहे. मोठी चौकोनी फ्रेम घेतलीत तर काठाला काच सोडा बाटलीच्या बुडासारखी होते, लहान गोलसर घ्या आणि १.७४ इंडेक्स, इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ. माझं ऐका, १.७४.

भिंगरी
उणे सातला तुमचं बरोबर आहे, मायनसची काच मध्ये पातळ, काठाला जाड, म्हणून लहान फ्रेम. पण ताईंचा नंबरच अजून माहीत नाही आणि तुम्ही १.७४ विकून मोकळे.

धारावी_ते_डहाणू
पातळ काच कोणाला नको असते? माझी पहिली पॉलीकार्बोनेट होती, ट्यूबलाइटच्या कडेला निळी-पिवळी रेघ दिसायची, डॉक्टरांना वाटलं मला काहीतरी झालंय.

भिंगरी
ते रंग फुटणं काचेच्या मटेरियलमुळे. अ‍ॅबे नंबरने मोजतात ते, नंबर जितका कमी तितके रंग जास्त फुटतात, साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८, पॉलीकार्बोनेटचा ३०च्या आसपास. १.६७ किंवा १.७४ घेतलीत तरी तो ३२-३३च्या पुढे जात नाही, त्यामुळे तुमच्या १.७४ने रंग गेले असं समजू नका. पॉलीकार्बोनेट पडून फुटत नाही म्हणून लहान मुलांना देतात, तिथे ठीक.

मुलुंड_स्लो
नंबर शोधला. उजवा –१.२५, डावा –१.७५ आणि सिलिंडर (तिरक्या नंबरचा भाग) –०.७५, जवळचा दोन्हीला +१.५०. काचेची उंची २६ आली, मला आधीपासून बारीक फ्रेम आवडते, चेहरा लहान आहे माझा. घसरते तर हो, मुंबईत कोणाची घसरत नाही, ट्रेनमधून उतरेपर्यंत नाकाच्या टोकावर येते. आणि तुम्ही म्हणताय ते करून बघितलं, मान थोडी उजवीकडे वळवली की स्पष्ट होतं खरंच! हे कसं ओळखलंत?

चकलीची_भाजणी
ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी, आहे का काच? कॉम्प्युटरमुळेच होतंय, ब्लू कट घ्या.

खिडकीची_सीट
२०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून बघितल्या, ब्लू कटने डोळ्यांचा थकवा कमी होतो असा पुरावा सापडला नाही. हजार रुपये वाचवा, दादरला मिसळ खा.

धारावी_ते_डहाणू
दादरला मिसळ खायला कोण जातं, ठाण्याला जा.

कोमट_पाणी
मी रोज सकाळी त्राटक आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतो, ४९व्या वर्षी वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचतो. डोळे म्हणजे स्नायूच, त्यांना व्यायाम हवा. हे चष्मेवाले डोळ्यांना आळशी करून ठेवतात.

भिंगरी
चाळिशीत डोळ्यातलं नैसर्गिक भिंगच कडक होतं, मग स्नायूंनी कितीही जोर लावला तरी ते फुगत नाही. तुम्हाला थोडा मायनस असेल बघा, म्हणून वाचता येतंय. डोळे घरगुती पाण्याने धुऊ नका हो, कॉर्निया काही फरशी नव्हे.

लेझर_लावा
ताई सरळ लेसिक करा, मी केलं, चष्मा गेला. वीस मिनिटांचं काम.

खिडकीची_सीट
तुमचं वय किती होतं तेव्हा?

लेझर_लावा
२७. काय संबंध?

खिडकीची_सीट
संबंध हाच की लेसिकने लांबचा नंबर जातो, चाळिशी जात नाही. उलट यांना आत्ता चष्मा काढला की कॉम्प्युटर आपोआप दिसत असणार. –१.२५ म्हणजे ८० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट, –१.७५ म्हणजे ५७. लेसिक केलं तर ही फुकटची सोय पण जाईल.

मुलुंड_स्लो
अय्या, ते तर मी करतेच! चष्मा डोक्यावर ढकलला की एक्सेल एकदम मस्त दिसतं. पण मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा दिसत नाही ना, आणि साहेब विचारतात एवढा महाग चष्मा केसांना लावायला घेतलात का. मला वाटलं हे सगळ्यांनाच होतं म्हणून लिहिलं नाही.

नाना_गिरगावकर
बायफोकल.

भिंगरी
नाना, बायफोकलमध्ये मधलं, म्हणजे कॉम्प्युटरचं अंतर मिळतच नाही, आणि रेघेवर चित्र उडी मारतं.

ताई, एक प्रयोग करा. घरात कोणाला तरी समोर बसवा, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही चष्मा नेहमी जिथे असतो तिथेच ठेवा, मुद्दाम वर ढकलू नका, आणि त्यांच्या कपाळापलीकडे लांब बघा. त्यांनी स्केचपेनने काचेवर बुबुळाच्या मधोमध ठिपका द्यायचा, दोन्ही डोळ्यांना. मग चष्मा काढून काच बल्बसमोर तिरकी धरा. प्रत्येक काचेवर लेझरने कोरलेल्या दोन बारीक खुणा दिसतील, गोल किंवा कंपनीचं चिन्ह, एकमेकींपासून बरोबर ३४ मिमी. त्यांच्या बरोब्बर मध्ये, काही मिमी वर, बुबुळ यायला हवं. तुमचा ठिपका कुठे पडतो ते सांगा. शिवाय ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंत मोजा.

सकाळची_०७_५०
अवांतर: बिलात जीएसटी किती लावलाय बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर १२चा ५ टक्के झालाय.

मुलुंड_स्लो
केलं! अहोंच्या हाताला स्केचपेन दिला तर पहिला ठिपका माझ्या भुवईवर आला, ते असो. खुणा सापडल्या, काचेला तोंडाने वाफ मारली तर पटकन दिसतात. उजव्या काचेवर ठिपका मधापासून २ मिमी कानाकडे, डाव्या काचेवर २ मिमी नाकाकडे. दोन्ही एकाच दिशेला सरकलेत. ठिपक्यापासून खालचा काठ दोन्हीकडे १४.

भिंगरी
सापडलं. पावतीवर पीडी लिहिली असेल, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर.

मुलुंड_स्लो
हो, ६२.

भिंगरी
त्यांनी ६२चे दोन सरळ भाग केले, ३१ आणि ३१. तुमचे दोन डोळे नाकापासून सारख्या अंतरावर नाहीत, ३३ आणि २९ असावेत. साध्या –१.५०च्या काचेत कळलंही नसतं, पण प्रोग्रेसिव्हमध्ये स्पष्ट दिसायचा पट्टा अरुंद असतो, दोन मिमीने तो हुकतो. म्हणूनच मान उजवीकडे. आणि खाली १४ म्हणजे अगदीच कमी. नेहमीच्या डिझाइनला बुबुळाखाली १८ तरी लागतात, १४मध्ये फक्त लहान कॉरिडॉरची, म्हणजे लांबच्या भागापासून वाचायच्या भागापर्यंतची वाट आखूड असलेली, काच बसते आणि तिच्यातही पट्टे आणखी अरुंद. तुमचा वाचायचा भाग अर्धा घासून टाकलाय, फ्रेमच्या काठाबाहेर गेला तो.

उद्या नाकाच्या पॅड आत दाबून घ्या, फुकट करतात, फ्रेम एक-दोन मिमी वर उचलली जाईल, काड्यांची कानामागची वळणं घट्ट करून घ्या म्हणजे घामाने घसरणार नाही. हा झाला तात्पुरता इलाज. खरा इलाज म्हणजे ३२-३४ उंचीची फ्रेम आणि दोन डोळ्यांचं वेगवेगळं माप. ते ऐकत नसतील तर ठिपक्यांसकट काच समोर ठेवा.

धारावी_ते_डहाणू
गोल नको पण, पूर्ण गोल फ्रेममध्ये काच फिरते, सिलिंडरचा अ‍ॅक्सिस, म्हणजे कोन, हलतो. हे मात्र मला माहितीये.

भिंगरी
हे एकदम बरोबर बोललात.

चकलीची_भाजणी
म्हणजे ऑनलाइनवाल्यांनी माझी उंची कशी मोजली असेल?

खिडकीची_सीट
तुम्ही जिना कसा उतरता तेवढं सांगा.

चकलीची_भाजणी
…रेलिंग धरून. पण गुडघ्यामुळे.

मुलुंड_स्लो
शनिवार, घरी आले. काउंटरवरचा मुलगा आधी अडून बसला, म्हणे ६२ बरोबर आहे, मशीनने काढलंय. मी ठिपके दाखवले. तेवढ्यात आतून मालकांचे वडील आले, सत्तरी पार असतील, काहीही न बोलता खिशातला छोटा टॉर्च काढला, एक एक डोळा झाकून मला टॉर्चकडे बघायला लावलं आणि पट्टीने मोजलं. ३३ आणि २९. मग मुलाकडे फक्त बघितलं. काचा फुकट बदलून देणार, फ्रेमचा फरक ९०० रुपये मी दिला, नवीन ३३ उंचीची आहे, मला चेहऱ्यावर खिडकी लावल्यासारखी वाटते पण अहो म्हणतात बरी दिसते. दहा दिवस लागतील. भिंगरी, तुमचे उपकार कसे फेडू.

भिंगरी
दिवाळीला स्केचपेन पाठवा. ओढणीने पुसू नका नवीन काच, आधी पाण्याखाली धरा. एक राहिलं विचारायचं, ३३-२९ एवढा फरक फार क्वचित दिसतो. नाकाला कधी मार लागला होता का?

मुलुंड_स्लो
हो ना, पाचवीत असताना शाळेच्या घसरगुंडीवरून तोंडावर पडले होते, हाड मोडलं होतं, तेव्हापासून नाक जरा डावीकडे वाकडंच आहे. लांबून कळत नाही.

खिडकीची_सीट
ताई!!! हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?

मुलुंड_स्लो
धागा चष्म्याचा होता ना, नाकाचं कोणी विचारलं होतं?