रात्रीची प्रार्थना आणि आम्ही बाप : आपले अनुभव लिहा

सर्वांना सलाम. ख्रिस्ती घरातील बापाने कसे वागावे, याविषयी व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते आणि ते ऐकायलाही हवे. परंतु रात्रीची जेवणे आटोपल्यावर, खरकटी भांडी मोरीत पडलेली असताना, घरातील सगळी माणसे सतरंजीवर किंवा पलंगाच्या कडेला वीस-पंचवीस मिनिटे एकत्र बसतात, त्या वेळात बाप म्हणून आपण काय शिकलो, हे आपण एकमेकांना क्वचितच सांगतो. कॅथलिक घरांत जपमाळ असेल, आमच्यासारख्या घरांत गीत, वाचन आणि प्रार्थना असेल. पद्धत कोणतीही असो, उपदेश न करता घडलेला प्रसंग लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करतो.

आमचे घर अहिल्यानगरचे; जुन्या सवयीने माझ्या तोंडी नगरच येते. आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे पवित्र शास्त्र क्रमाने वाचतात, म्हणजे काल जिथे खूण ठेवली तिथूनच आज पुढे. आवडीचा अध्याय निवडायचा नाही. माझा मुलगा नववीत असताना त्याला गणिताच्या चाचणीत 40 पैकी 11 गुण मिळाले आणि ती उत्तरपत्रिका त्याने चार दिवस दप्तरात लपवून ठेवली. ती सापडली तेव्हा त्याचे दोन मित्र घरात बसलेले होते. मी त्यांच्यासमोरच त्याला नाही नाही ते बोललो आणि कागद फाडून टाकला. रात्री वाचनाची पाळी त्याचीच होती आणि क्रमाने इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय आला. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे, हे पहिले वचन त्याने खालमानेने वाचले, तेव्हा खरे सांगतो, मला बरे वाटले. चौथ्या वचनात बापांना बजावले आहे की आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. त्या शब्दापाशी तो अडखळला, कारण तो त्याने कधी ऐकलाच नव्हता, आणि अगदी सरळ मनाने त्याने मला विचारले, "पप्पा, चिरडीस आणणे म्हणजे काय?" माझी आई तेव्हा हयात होती. मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "मघाशी मित्रांसमोर तुझं झालं ना, ते."

त्या रात्री प्रार्थना माझ्या पत्नीने केली, कारण माझ्या तोंडून शब्द निघेना. सकाळी मी मुलाची क्षमा मागितली आणि आम्ही दोघांनी मिळून कागदाचे चार तुकडे चिकटपट्टीने जोडले, कारण त्यावर पालकाची सही करून तो शाळेत परत द्यायचा होता. चिकटपट्टीवर पेनाची शाई धरत नव्हती, म्हणून सही तीनदा गिरवावी लागली. मुलगा शेजारी उभा राहून ती पाहत होता. आता तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे.

जालन्याहून एका शाळेतील लेखनिक लिहितात

माझ्या धाकट्या भावाने विंधन विहिरीसाठी माझ्याकडून साठ हजार रुपये घेतले होते. विहिरीला पाणी लागले नाही आणि पैसेही परत आले नाहीत. दोन वर्षे आमच्यात बोलणे नव्हते. चर्चमध्ये एकाच बाजूला बसायचो, पण मध्ये दोन बाक सोडून. त्या दिवसांत माझी मुलगी दुसरीत होती आणि संडे स्कूलमध्ये प्रभूची प्रार्थना पाठ करत होती. आपल्या मराठी प्रार्थनेत पापांसाठी ऋण हाच शब्द आहे, म्हणजे आम्ही आमच्या ऋण्यांना सोडले तशी तू आमची ऋणे सोड, असे आपण रोज म्हणतो. मी तो शब्द चाळीस वर्षे म्हणत आलो होतो, पण पैशांशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मुलीला पाठ करताना अर्थ विचारायची सवय होती. ऋण म्हणजे उसने घेतलेले, असे मी सांगताच ती म्हणाली, "म्हणजे काकांकडे आहेत ते?"

तिचे ऐकून मी लगेच भावाच्या घरी गेलो, असे लिहिले तर ते खोटे होईल. त्यानंतर पाच महिने मी त्या ओळीपाशी आवाज खाली आणत असे आणि मुलगी माझ्याकडे बघत असे. शेवटी नाताळात करंज्या आणि शेव यांचा डबा घेऊन आम्ही सगळे त्याच्याकडे गेलो. पैशांचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही. पुढच्या वर्षी त्याने दहा हजार आणून दिले आणि मी ते घेतले. उरलेले मी मनातून खरोखर सोडले आहेत की नाही, याची परीक्षा त्या ओळीवर अजूनही रोज होते.

वसई, आखातातून परतलेले

आमच्या गावात बाप परदेशी असलेली घरे पुष्कळ आहेत, म्हणून हे अनेकांना ओळखीचे वाटेल. मी अकरा वर्षे कुवेतला होतो. तिथे शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आम्ही शुक्रवारीच करायचो आणि घरच्या जपमाळेला फोनवरून हजर राहायचो. वसईत रात्रीचे नऊ वाजलेले असत, तेव्हा माझ्याकडे साडेसहा. घरातल्या अल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, डाव्या हाताला माझ्या वडिलांचे एक लाकडी स्टूल होते, त्यावर पत्नी फोन उभा करून ठेवायची, म्हणजे मला सगळ्यांचे चेहरे दिसत. जपमाळेच्या पाच दशकांपैकी, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या प्रार्थनांपैकी, एक दशक माझ्या वाट्याचे असे. मी कामाच्या कपड्यांत, खोलीतल्या चार सोबत्यांमध्ये बसून ते म्हणायचो. मला मनापासून वाटत होते की मी घरात आहे.

कायमचा परत आलो त्या रात्री आम्ही जपमाळेला बसलो. धाकटा मुलगा, जो मी गेलो तेव्हा सात महिन्यांचा होता, उठला, त्याने आईचा फोन घेतला आणि नेहमीप्रमाणे स्टुलावर उभा करून ठेवला. मग त्याच्या लक्षात आले. त्याने माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले आणि फोन तसाच राहू दिला, कारण मी कुठे बसायचे हे त्यालाही कळेना आणि मलाही कळेना. मी दाराजवळ गुडघे टेकले.

परत आलेल्या बापांना मला एवढेच सांगायचे आहे की घरातील जागा आपली वाट पाहत रिकामी राहिलेली नसते. ती मुलांनी आणि त्यांच्या आईने आपल्या परीने भरून काढलेली असते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर रागावू नये. मी पहिले सहा महिने रागावलो. दशकांचा क्रम बदलला, मोठ्याने म्हणा असा आग्रह धरला, ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना म्हणून सगळ्यांना दोन-दोन तास गुडघ्यांवर बसवले. मोठी मुलगी एकदा शांतपणे म्हणाली, "डॅडी, तुम्ही फोनवर होतात तेव्हा ऐकत होतात." त्यानंतर मी पुन्हा माझ्या वाट्याचे एकच दशक म्हणू लागलो.

श्रीरामपूर तालुका, शेतकरी

आमचे थोडक्यात आहे. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला आम्ही बापलेक पायी जातो. घरी प्रार्थनेत समोरासमोर बसलेला माझा मुलगा कधी मन मोकळे करत नव्हता. रस्त्याने दोघांचीही नजर पुढे असते, म्हणून असेल, अभियांत्रिकीचे शिक्षण सोडायचे आहे हे त्याने मला तिथेच सांगितले. जपमाळ हातात असल्यामुळे मी तिसरे दशक संपेपर्यंत काही बोलू शकलो नाही. ते संपेपर्यंत माझा राग उतरला होता.

पुणे, निवृत्त अधिकारी

माझ्या मुलीने ख्रिस्ती नसलेल्या मुलाशी लग्न ठरवले. धर्म बदलायचा नाही, असे दोघांनीही ठरवले होते, म्हणून त्यांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली अर्ज केला. त्या कायद्यात नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस थांबावे लागते. आमच्या घरी रोज रात्री प्रत्येक मुलाचे नाव घेऊन प्रार्थना करण्याची रीत आहे. प्रथम थोरला, मग ती, मग धाकटी. त्या 30 दिवसांत मी तिचे नाव घेणे सोडले. मी कोणालाही काही बोललो नाही, भांडलो नाही, तिच्याशी जेवणाच्या टेबलावर नीट वागलो. फक्त थोरल्याच्या नावानंतर सरळ धाकटीचे नाव घेत होतो. मला वाटले होते, कोणाच्या ध्यानात येणार नाही.

विवाह नोंदणीच्या आदल्या रात्री मी "आमेन" म्हणताच माझी पत्नी डोळे मिटूनच म्हणाली, "एक नाव राहिलं. तीस दिवस राहतंय." मुलगी समोर बसलेली होती. तिलाही पहिल्या रात्रीपासून ठाऊक होते आणि तरीही ती रोज रात्री तिथे येऊन बसत होती. उघड विरोध करणाऱ्या बापाशी मुलगी निदान वाद तरी घालू शकते. मी तिला तेवढीही जागा ठेवली नव्हती. प्रार्थनेत माणसाला गाळणे हे मी केलेल्या पापांपैकी सर्वांत गुपचूप केलेले पाप आहे आणि म्हणूनच ते मी इथे लिहितो आहे. त्या रात्री मी पुन्हा प्रार्थनेला बसलो आणि त्या मुलाचेही नाव घेतले. आता आमच्या यादीत नातवासह सात नावे आहेत.

मिरज, रिक्षाचालक

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या रुग्णालयामुळे आमच्या मिरजेत परिचारिका असलेल्या आया पुष्कळ घरांत दिसतात. माझी पत्नीही परिचारिका आहे. तिची रात्रपाळी असली की मुलांची प्रार्थना माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी मी थेट वाचनाला सुरुवात केली, तेव्हा धाकटीने पुस्तकावर हात ठेवून सांगितले की मम्मी आधी विचारते, आज कोण रडले. आता मीही आधी तेच विचारतो.

नगर जिल्हा, शेती आणि भजनी मंडळ

कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात आमच्या भागात ख्रिस्ती कीर्तन रुजवले. त्या परंपरेतल्या अनेक घरांप्रमाणे आमच्या घरीही पेटी, तबला आणि टाळ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझा मुलगा पंधराव्या वर्षी उत्तम पेटी वाजवत असे. बावीसाव्या वर्षी त्याने मला सांगितले की आपला आता विश्वास राहिलेला नाही आणि विश्वास नसताना भजनाला बसणे त्याला खोटेपणाचे वाटते. मी त्याला दोन वर्षे समजावले. पाळकसाहेबांना घरी बोलावले, पुस्तके दिली, त्याच्या आईच्या अश्रूंचा उल्लेख केला, आणि हा शेवटचा उपाय मी करायला नको होता, असे आज वाटते. तो उद्धटपणे कधी बोलला नाही. प्रार्थनेची वेळ झाली की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. सुरुवातीला मी आतून दार लावून घेत असे, म्हणजे त्याला बाहेर ठेवल्याचे जाणवावे. मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले की येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातल्या, घर सोडून गेलेल्या मुलाला परत आल्यावर मिठी मारणाऱ्या बापाने दार लावले होते का. तेव्हापासून आमचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असते.

त्याच्यानंतर पेटी मी वाजवू लागलो, पण माझा हात कच्चा, आणि त्यात भात्याला चीर गेलेली. हवा सुटायची आणि सूर धरेपर्यंत कडवे संपायचे. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रविवारी मी शेतावरून आलो, तर तो ओट्यावर पेटी उघडून बसला होता. भात्याची जुनी पट्टी खरवडून काढलेली, शेजारी मऊ चामड्याचा तुकडा, सरस आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे. त्याने पट्टी बसवली, चिमटे लावले, आणि उद्यापर्यंत हात लावू नका, असे सांगितले. त्या रात्री आम्ही पेटीशिवाय गायलो.

दुसऱ्या रात्री मी भाता ओढला तर पहिल्याच ओढीला सूर भरून आला. तिसऱ्या कडव्यात माझे बोट चुकले, तेव्हा ओट्यावरून त्याचा आवाज आला, "पप्पा, काळी चार." मी काळी चार धरली आणि आम्ही पुढे गात राहिलो.