कूलरमधलं सातेरीचं मोहोळ: आता हलवू की पावसाळ्यापर्यंत थांबू?

प्रश्न (सक्करदरा, नागपूर)
होळीनंतर गच्चीवरचा कूलर उघडला, तर आत मधमाश्या! वहीच्या पानांसारखी एकामागे एक सहा पोळी. झाकण लावलं आणि तडक महाल भागातल्या कूलरच्या ताट्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, फवारा मारा, दोन मिनिटांत साफ.

शेजारी एक काका वाळ्याच्या ताट्या निवडत होते. ते वळले. "बाई, एकच मोठं पोळं लोंबून राहिलं का आत पाच-सहा आहेत?" सहा म्हटलं. "मग आग्या नाही, सातेरी आहे. मारू नका जी, ती मधपेटीत राहते."

काका निवृत्त आहेत, हौसेने चार पेट्या पाळतात. ताट्या कूलरसाठी नव्हत्याच! मे महिन्यात पेट्यांच्या पश्चिमेला उभ्या करून ते दुपारी त्यांवर पाणी मारतात, नाहीतर ४५ अंशांत मेण मऊ पडून पोळी गळतात. हे ऐकलं आणि फवाऱ्याचा विचार मनात आला होता याचीच लाज वाटली. अर्धा तास आम्ही तिथेच बोलत उभे होतो. रविवारी संध्याकाळी ते पेटी घेऊन येणार आहेत.

पण उन्हाळा तोंडावर आहे. आता हलवल्या तर जगतील का?

उत्तर १ (काटोल)
हलवाच. पत्र्याचा कूलर मे महिन्यात भट्टीसारखा तापते, त्यात त्या टिकणार नाहीत. सध्या मोह फुलला आहे, पुढे करंज आहे, म्हणजे खायला मिळेल. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, मी बागेत पेट्या ठेवतो, दोन मोहोळं स्वतः हलवली आहेत. अंडी-अळ्यांची पोळी कापून पेटीतल्या लाकडी चौकटीला सुती दोऱ्याने बांधा, वरची बाजू वरच ठेवा. मधाची जड पोळी बांधू नका, ओझ्यानं तुटतात. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागे येतात.

उत्तर २
पेटी कूलरच्याच जागी ठेवा. लगेच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली तर कामकरी माश्या जुन्या जागीच घिरट्या घालत राहतात. सातेरी चटकन घर सोडते, म्हणून पहिले काही दिवस संध्याकाळी साखरेचा पाक द्या. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. प्यायच्या पाण्यात खडे टाका, नाहीतर बुडतात. राणी दगावली तरी धीर सोडू नका, ताजी अंडी असली तर साधारण १६ दिवसांत नवी राणी तयार होते.

उत्तर ३
आधी कूलरची पिन काढा. आणि घरात कुणाला डंखानंतर अंगभर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर त्यांना रविवारी गच्चीवर येऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती
पिन काढली. तसा त्रास घरात कुणालाच नाही. आईच्या गोधडीचा सुती दोरा काढून ठेवलाय आणि दोन ताट्या जास्तीच्या आणल्यात, कारण त्या कोपऱ्यात चार वाजेपर्यंत ऊन असतं. मुलगी दर तासाला गच्चीवर जाऊन लांबूनच गुणगुण ऐकून येते.